कधी नव्हताच असा कायदा

९ जानेवारी

दादा,

हे पत्र फाडायचंच असेल तर फाड, पण निदान पहिलं पान वाचून फाड. पत्ता आत्यानं दिला. तिनं तो कुठून मिळवला हे मला विचारू नकोस. मी लिहितोय हे आप्पांना माहीत नाही. दुपारचे ते मागच्या खोलीत पडतात, दुकानात चिटपाखरू नसतं, तेवढ्यात लिहितोय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. काउंटरवर लोखंडाचा कीस पडलेला असतो, कितीही पुसला तरी कागदाखाली येतोच.

बातमी तुझ्याकडेही पोचली असेल. मोठ्या न्यायालयानं तो दारं उघडायचा कायदा घटनाबाह्य ठरवला. हा शब्द मी वर्तमानपत्र समोर ठेवून, बघून लिहिलाय. ज्या कायद्यानं कुठलाही साहेब कुठल्याही घरात शिरू शकत होता, आणि आपल्यासारख्या कुलूपवाल्याला बोलावणं आलं की जाऊन दार उघडून द्यावंच लागत होतं, तोच. दूरच्या कुठल्यातरी गावातल्या एका शिक्षिकेनं खटला लढवला होता. तिच्या घरातही असेच शिरले होते.

समोरचा कापडवाला वर्तमानपत्र घेऊन धावतच आला. मोठ्यानं वाचायला लागला. त्यात लिहिलं होतं की हा कायदा आजपासून रद्द असं नाही, तो पहिल्यापासूनच कायदा नव्हता असं समजायचं. आत्या आतून तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पहिल्यापासून नव्हता? मग इतकी वर्षं आपण काय भुताला घाबरत होतो?" कापडवाला म्हणाला, "आत्या, कोर्टाची भाषा आहे ती." तर ही म्हणते, "भाषा चांगली आहे. माझ्या लग्नाबद्दल पण असंच काहीतरी लिहून द्या म्हणावं. पहिल्यापासून नव्हतंच. सासूबाईंना पाठवून देते."

कापडवाला एवढा हसला की त्याला ठसका लागला. आप्पा हसले नाहीत. ते शिकंज्यात किल्ली धरून कानस मारत होते, तशीच मारत राहिले. किल्ली पुरी झाल्यावर फुंकर मारली आणि एवढंच म्हणाले, "चोरकिल्लीनं दार उघडतं. म्हणून ती त्या घराची किल्ली होत नाही." मग आत गेले. बऱ्याच दिवसांनी ते एका दमात एवढं बोलले.

दादा, मला वाटलं की आता मिटलं. ज्या दारावरून तू घर सोडलंस, ते उघडायला लावणारा कायदाच नव्हता असं ठरलं, तर मग भांडण तरी कशाचं राहिलं? आप्पांना तू नको आहेस असं मला कधीच वाटलं नाही. तुझी हत्यारांची पिशवी अजून खुंटीला आहे, तिच्यावर धूळ नसते. मी पुसत नाही. आत्या तर हात वर करूनही खुंटीपर्यंत पोचत नाही. आता तूच काय ते समज.

तू ये. आधी कळव, म्हणजे मी स्टँडवर येईन.

तुझा,
बारक्या


२८ जानेवारी

दादा,

उत्तर आलं नाही. टपालात गहाळ झालं असेल म्हणून पोस्टात विचारून आलो. पोस्टमन म्हणाला, "न आलेलं पत्र कसं गहाळ होईल?" बरोबर आहे त्याचं.

आज लिहितोय ते वेगळ्या कारणानं. परवा काकू दुकानात आल्या. आपल्या शेजारच्या, कंपाउंडरकाकूच. त्यांच्या दाराचं ते जुनं पितळी कुलूप आणलं होतं, आणि म्हणाल्या, "बाळा, हे कुलूप घेऊन माझ्याबरोबर वकीलबाईंकडे चल. मला त्यातलं काही सांगता येणार नाही." आप्पांनी नुसतं बघितलं आणि मला मान हलवून जा म्हणाले.

वकीलबाई वयानं फार नाहीत, पण केस पांढरे झालेत. एका खोलीत ऑफिस, खुर्च्या दोनच, म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी मला सगळं क्रमानं सांगायला लावलं. तुला ते माहीत आहे, तरी मी त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो. काही चुकलं असेल तर तू सांग.

मी सांगितलं की आप्पांचा नियम होता, मालक समोर नसेल तर शेजारच्या दोघांना हाक मारायची, त्यांना विचारायचं हे घर कोणाचं, आणि ते सांगतील त्याला बोलावून त्याच्यासमोरच कुलपाला हात लावायचा. तो कायदा आला तेव्हा पहिल्याच बोलावण्याला आप्पांनी साहेबालाच विचारलं, हे घर कोणाचं? साहेब म्हणाला, तुला काय करायचंय. आप्पा परत आले. दंड झाला, काही महिने परवाना गेला, आणि पुन्हा नाही म्हणालात तर तुरुंग, असं सांगून गेले. आप्पांची छाती तेव्हाच बिघडलेली होती. मग कारखाना बंद पडल्यावर तो मोर्चा निघाला, लाठ्या चालल्या, आणि कंपाउंडरकाकांनी जखमींना घरी आणून मलमपट्टी केली. साहेब पुन्हा आले. आप्पा चप्पल घालून उठले होते. त्यांना काय उत्तर द्यायचंय ते चेहऱ्यावरच दिसत होतं. तेवढ्यात तू पिशवी उचललीस आणि म्हणालास, "चला साहेब, मी येतो."

इथवर सांगितलं तेव्हा काकू पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. मी थांबलो, तर त्याच म्हणाल्या, "सांग. मला माहीत आहे तो का गेला ते."

मग वकीलबाईंनी कुलूप भिंगाखाली धरलं. खूप वेळ फिरवून फिरवून बघितलं आणि मला विचारलं, "हे खरंच तारेनं उघडलं होतं?" मी हो म्हणालो. "मग ओरखडा कुठाय?" मी म्हणालो, दादाच्या हातून ओरखडा उमटत नाही. आप्पांनी आम्हाला तसंच शिकवलंय. आणि काम झाल्यावर होतं तसं बंद करून यायचं, तेही.

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "इथंच तर सगळं अडलंय."

दादा, हे मला तोवर कळलंच नव्हतं. त्या दिवशी काकू माहेरी होत्या, काका दवाखान्यात कामावर. संध्याकाळी काकू आल्या तेव्हा कुलूप होतं तसं होतं. स्वतःच्या किल्लीनं उघडून आत गेल्या तर घर उलटंपालटं. जखमींसाठी आणलेली औषधं साहेबांनी उचलून नेली होती, आणि त्यावरच काकांना शिक्षा झाली. तू जर तोडून उघडलं असतंस, कोयंडा वाकवला असतास, नुसता एक ओरखडा ठेवला असतास, तर काहीतरी दाखवायला असतं. साहेबांनी केलेल्या पंचनाम्याच्या कागदावर लिहिलंय की कंपाउंडर स्वतः आला, त्यानं आपल्या किल्लीनं राजीखुशीनं दार उघडलं, आणि कुलूपवाला फक्त साक्षीला हजर होता. त्या कायद्यातसुद्धा वरच्या साहेबाचं लेखी पत्र लागत होतं म्हणे. ते त्यांनी घेतलंच नव्हतं, म्हणून असं लिहिलं.

वकीलबाई काकूंना म्हणाल्या, "कागदावर तुमच्या दाराला तो कायदा लागलेलाच नाही. मालकानंच उघडलं. मग कायदा पडला काय आणि राहिला काय, तुमच्या मिस्टरांना त्याचा उपयोग शून्य." काकू म्हणाल्या, "पण तो कायदा नव्हताच ना आता?" तर त्या म्हणाल्या, "कायदा नव्हता. कागद आहे."

मी मध्येच विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. म्हटलं, तो घटनेत बसत नव्हता हे तो केला तेव्हा कुणाला कळलं नाही का? वकीलबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सरकार लोकांवर कायदा करतं. पण सरकारवरही एक कायदा असतो, त्याला घटना म्हणतात. तुझे वडील दारात उभं राहून विचारायचे ना, हे घर कोणाचं? तेवढंच घटना सरकारला विचारायला लावते. कुणाच्या परवानगीनं शिरताय, कारण काय, न्यायाधीशाला सांगितलंत का. त्या कायद्यानं तो प्रश्नच काढून टाकला होता. कळलं होतं रे पुष्कळांना. पण कुणीतरी जाऊन न्यायालयात विचारावं लागतं. त्याला वर्षं लागतात, आणि तोवर दारं उघडली जातात."

आता मुख्य गोष्ट. काकांच्या सुटकेचा अर्ज १२ मार्चला आहे. तिथं कुणीतरी उभं राहून सांगायला हवं की दार मालकानं उघडलं नव्हतं. त्या दिवशी दारात दोन साहेब होते आणि तू होतास. साहेब सांगणार नाहीत.

तू येऊन सांग, दादा. बाकीचं समोरासमोर बोलू.

काकांची चिमी आता आईएवढी उंच झाली. भेटीला जाते तेव्हा वडिलांना काय सांगायचं ते वाटेत पाठ करत जाते, असं काकू म्हणाल्या.

तुझा,
बारक्या


१७ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "शपथेवर सांगितलं ते सांगितलं. मला आता लहान मुलगा आहे. पुन्हा लिहू नकोस." एवढ्या तीन वाक्यांत तू आप्पांना आजोबा केलंस. मी कार्ड आत्याला दाखवलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "नाव तरी लिहायचं मेल्यानं."

पुन्हा लिहू नकोस म्हणालास तरी लिहितोय, कारण मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. "बाकीचं समोरासमोर बोलू" असं लिहिलं, ते बाकीचं हेच.

वकीलबाईंनी मला बाहेर जिन्यापर्यंत सोडायला येऊन, काकू पुढं गेल्यावर, हळू आवाजात सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या भावानं दार उघडलं त्याबद्दल बहुतेक कुणी त्याला धरणार नाही. धाक होता, हे सगळ्यांना कळतं. पण त्यानं नंतर न्यायालयात शपथ घेऊन खोटं सांगितलं. ते त्या कायद्याखाली येत नाही, त्यामुळे कायदा पडला म्हणून ते पुसलं जात नाही. तो खरं बोलला की त्याच्यावर वेगळं प्रकरण होईल. काही महिने तुरुंग होऊ शकतो. हे त्याला आधी सांग."

मी सांगितलं नाही. मला भीती वाटली की तू येणार नाहीस. तुझं कार्ड आल्यापासून मला दुसरी भीती वाटते, की मी लपवलेलं तुला आधीच माहीत होतं, आणि मी तुझ्याशी तसाच वागलो जसे ते साहेब वागले. दार उघडायला लावायचं आणि कशासाठी ते सांगायचं नाही. काल दिवसभर मी तीन किल्ल्या बिघडवल्या. आप्पांनी विचारलं, "लक्ष कुठाय?" आणि मला खोटं सुचलं नाही. सगळं सांगितलं. पत्रं, कार्ड, नातू, सगळं.

मी म्हटलं, "आप्पा, त्यानं ते दार उघडलं ते तुमच्यासाठी. तुम्ही अजून तेच धरून बसलात का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुळाच आहे. म्हणाले, "दाराचं कोण धरतंय? दार त्यानं माझ्यासाठी उघडलं. मला तुरुंगात बघवलं नसतं त्याला. ते मी मरेपर्यंत विसरायचा नाही. मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो, बारक्या. तो शपथ घेऊन म्हणाला, मालकानं स्वतः उघडलं. कंपाउंडर पिंजऱ्यातून त्याच्याकडे बघत होता. ह्याला लहानपणी गोवर झाला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसलेला माणूस तो. आणि ह्यानं मान वर केली नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी काय बोलणार होतो त्याच्याशी?"

"बोलायला तर हवं होतं," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "हवं होतं. मी नाही बोललो. चार दिवसांत तो गेला."

मग मी विचारलं, "तो आला तर आत जाईल. यायला सांगू की नको?"

ते उठले, दुकानाची फळी उगाचच पुसली, आणि म्हणाले, "मी बाप आहे. मला विचारू नकोस." थोड्या वेळानं म्हणाले, "शेजारीही आहे."

म्हणून मी तुला ये असंही लिहीत नाही आणि येऊ नकोस असंही नाही. काकूंना मी तुझ्या कार्डाबद्दल सांगितलं. मला वाटलं त्या काहीतरी लावून बोलतील. त्या म्हणाल्या, "मुलगा केवढा आहे?" मी म्हटलं, लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, "लहान म्हणजे अजून रांगत असेल," आणि घरात गेल्या. दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी हाक मारली नाही.

आता तुला मी जाणतो तेवढं सगळं ठाऊक आहे. यापुढे माझ्याकडे लपवलेलं काही नाही.

तुझा,
बारक्या


१३ मार्च

दादा,

काल तू सरळ स्टँडवर गेलास. मी मागून धावलो, पण न्यायालयाच्या जिन्यावर गर्दी होती, आणि मी रस्त्यावर येईपर्यंत बस सुटली होती. मला वाटतं खिडकीत तूच होतास. हात हलवला तो दुसऱ्याच कुणाला हलवला असेल तर त्या माणसाला नवल वाटलं असेल.

तू साक्ष देताना पाठमोरा होतास. म्हणून मागं काय झालं ते तुला लिहितो.

तुझं नाव पुकारलं तेव्हा काकूंनी चिमीचा हात धरला. त्यांना वाटलंच नव्हतं तू येशील. मलाही नव्हतं वाटलं. तू बारीक झालास, आणि केस मागं वळवायला लागलास, म्हणून दारातून आत येताना मी तुला ओळखलंच नाही. आप्पांनी ओळखलं. ते मागच्या बाकावर होते, ह्या खेपेसही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि नंतर पुसायचा म्हणून पुन्हा काढला.

सरकारी वकील ओरडायला लागले, आधी खोटं बोललात की आता खोटं बोलताय, तेव्हा आत्या माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, म्हणाली, "एवढं ओरडायला काय झालं, तो काय बहिरा आहे?" शिपायानं तिच्याकडे बोट केलं. मग ती गप्प बसली, म्हणजे ओठांनी.

आणि न्यायाधीशांनी तुला विचारलं ना, अगदी सावकाश, की तुमच्यावर कायद्याची सक्ती होती, तुम्हाला नाही म्हणणं शक्य नव्हतं, असं तुमचं म्हणणं आहे का? ते तुला वाट करून देत होते. मला शाळा सोडलेल्याला कळलं, तर तुला कळलंच असेल. मी मनात म्हणत होतो, हो म्हण, दादा, हो म्हण, ते खोटंही नाही. तू म्हणालास, "साहेब, तो कायदा कधी नव्हताच असं तुम्हीच ठरवलंय. मग मी त्याच्या मागं कसा उभा राहू? धाक त्यांचा होता. हात माझा होता. आणि इथं येऊन शपथ घेतली ती माझ्याच तोंडानं."

तेव्हा आप्पा उभे राहिले. काही बोलायला नाही, नुसतेच उभे राहिले. शिपाई म्हणाला, "बाबा, बसा." ते बसले नाहीत. तुझी साक्ष संपून तू बाजूच्या दारानं जाईपर्यंत ते उभेच होते. तू एकदा मागं वळला असतास तर दिसलं असतं.

काकांच्या अर्जाचा निकाल राखून ठेवलाय. तुझ्याबद्दल न्यायाधीशांनी जे लिहून घ्यायला सांगितलं ते तू ऐकलंस. समन्स तुझ्या पत्त्यावर येईल.

वहिनीला सांगितलंस का? नसेल सांगितलं तर समन्स यायच्या आधी सांग. कागदावरून कळू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


२१ मे

दादा,

तुला पत्र देण्याआधी ते उघडून वाचतात असं तुरुंगाच्या फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय. म्हणून सुरुवातीलाच वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. अक्षर सुवाच्य काढायचा प्रयत्न करतो.

वहिनी आणि तुझा मुलगा आपल्याकडे पोचले. खोली सोडायला घरमालकानं त्रास दिला नाही. तुझे सहा महिने भरेपर्यंत ती दोघं इथंच राहतील. मुलाला आत्याच्या मांडीवर ठेवलं तर त्यानं तिचं कानातलं असं धरलं की सोडवताना तिला देवच आठवले. ती म्हणते, कुलूपवाल्याचं पोर आहे, हातातलं सोडणार नाही. आप्पा त्याच्याशी बोलतात. काय बोलतात ते ऐकायला गेलं की गप्प बसतात. वहिनी माझ्याशी मोजकंच बोलते. मी तुला ती पत्रं लिहिली नसती तर तू घरी असतास, हे तिनं बोलून दाखवलेलं नाही. काल ताट वाढताना म्हणाली, "भाऊजी, तुमचं अक्षर फार छान आहे. सगळी पत्रं वाचली मी." आणि आत गेली.

काका सुटले. हे तुला वकीलबाईंनी कळवलं असेल, पण घरचं मी लिहितो. निकालात आहे की ती झडतीच बेकायदा, तेव्हा त्यात मिळालेल्या औषधांचा पुरावा धरता येत नाही, आणि शिक्षा रद्द. त्यांच्या नावावर आता काहीही नाही. झालंच नव्हतं असं समजायचं. वकीलबाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी विचारलं, "आणि ही पाच वर्षं?" वकीलबाई म्हणाल्या, "ती कुठल्याच न्यायालयाला रद्द करता येत नाहीत."

काका घरी आले त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर उभे होतो. ते फाटकातून आले, अंगणात आले, आणि घराच्या दारापाशी येऊन थांबले. दार नुसतं लोटलेलं होतं. आम्हाला वाटलं, डोळे भरून बघतायत. बराच वेळ गेला तरी आत जाईनात. मग चिमीच्या लक्षात आलं. पाच वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं दार उघडलेलं नाही. तिथं दुसराच कुणीतरी उघडतो आणि मग आत जायचं. तिनं पुढं होऊन दार ढकललं. तेव्हा ते गेले. अजूनही तसंच आहे. आतल्या खोलीच्या दारापाशीसुद्धा थांबतात. काकू काही न बोलता उठतात आणि दार उघडतात.

ते तुझ्याबद्दल विचारतात. रागानं नाही. आणि प्रेमानं म्हणावं, तर तसंही म्हणता येत नाही. "आत जेवण बरं मिळतं का त्याला? पाठ दुखते का? खाली फरशी गार असते," असं विचारतात. जसं आपण जाऊन आलेल्या गावाबद्दल तिकडं निघालेल्या माणसाला विचारतो. एकदा आप्पा त्यांना म्हणाले, "माझ्या मुलानं तुमची पाच वर्षं घेतली." काका म्हणाले, "आणि सहा महिने दिले." आप्पांना हे लागलं की बरं वाटलं, मला कळलं नाही. दोघं मग ओट्यावर नुसते बसून राहिले, संध्याकाळ होईपर्यंत.

ज्या साहेबांनी तो कागद लिहिला ते बदली होऊन गेलेत, बढतीवर. हे लिहावं की नाही असा विचार केला. पण ते खरं आहे आणि वर्तमानपत्रात आलेलं आहे, म्हणून लिहिलं.

गेल्या मंगळवारी मी आणि आप्पा भेटीला आलो होतो. तुला कुणी सांगितलं नसेल. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसमध्ये जागा मिळाली, पण स्टँडपासूनचा चढ त्यांना चढवेना. तीनदा बसलो. पोचलो तेव्हा त्या दिवसाच्या भेटी संपल्या होत्या. मी शिपायाला विनवलं, त्यानं चांगल्या शब्दांत नाही म्हटलं. आप्पा फाटकाच्या कुलपाकडे बघत होते. मला म्हणाले, "स्वस्तातलं आहे." साहेब, ते विनोदानं म्हणाले. ते विनोद करतात हे मलाही नवीन आहे.

येताना बसमध्ये ते म्हणाले, "मला त्याला काही सांगायचंय. तू पत्र लिहिशील तेव्हा शेवटी चार ओळींची जागा सोड. मी माझ्या हातानं लिहीन." म्हणून आज मी जागा सोडली आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं, तारीख आहे का ते बघितलं. मग पाटीबद्दल विचारलं. मी म्हटलं, हो, आधी दुसरे वाचतात, मग त्याला देतात.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "मग नको. मी समोर येऊन बोलेन."

मी म्हटलं, आप्पा, चढ आहे. ते म्हणाले, "आदल्या दिवशी निघू. खाली धर्मशाळा आहे, बघून ठेवलीय मी."

ती जागा मी भरलेली नाही. खाली जी कोरी दिसते ती त्यांची आहे.

तुझा,
बारक्या